कानातले स्फटिक घडतात कसे?

लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहा. लिफ्ट वर निघाली की खाली, हे तरीही लगेच कळतं. ते कळवणारे असतात अंतर्कर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक, म्हणजे ओटोकोनिया. एकेक जेमतेम १० मायक्रोमीटरचा. युट्रिकल आणि सॅक्युल या दोन इवल्या पिशव्यांमध्ये केसपेशींवर एक चिकट थर असतो, त्यावर हे बसलेले असतात. भोवतीच्या द्रवापेक्षा ते अडीच पटींहून जड. त्यामुळे डोकं कललं की थर घसरतो, पेशींचे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते.

खरं तर हे स्फटिक तिथे तयार व्हायलाच नकोत. त्या द्रवात पोटॅशियम मुबलक, पण कॅल्शियम रक्तापेक्षा कितीतरी कमी. म्हणून गर्भातच पेशी आधी प्रथिनं सोडतात. ओटोकोनिन-९० कॅल्शियम ओढून धरतं, ओटोलिन त्याला सांगाडा पुरवतं. केसपेशींतले पंपही कॅल्शियम पेशीबाहेरच्या या द्रवात टाकत राहतात.

अडचण पुढेच आहे. बायकार्बोनेटपासून कार्बोनेट होताना आम्ल सुटतं, आणि कॅल्साइट, म्हणजे या स्फटिकांच्या रूपातलं कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात टिकत नाही. लिंबाच्या रसात अंड्याचं कवच विरघळतं, तेही कॅल्साइटच. मग आम्लाचं काय होतं?

ओटोपेट्रिन-१ हे प्रथिन बिघडलेल्या उंदरांच्या कानात हे स्फटिक जन्मापासूनच नसतात. त्यांना तोल सांभाळता येत नाही. पण या प्रथिनाचं काम काय, हे बरीच वर्षं उमगलं नव्हतं. २०१८ साली कॅलिफोर्नियात एमिली लिमन यांची प्रयोगशाळा आंबट चवीचा शोध घेत होती. तिथे हेच प्रथिन सापडलं : पेशीच्या पडद्यातून फक्त प्रोटॉन, म्हणजे आम्लातून सुटणारे हायड्रोजनचे कण, जाऊ देणारी वाट. म्हणजे चिंचेचा आंबटपणा जिभेला जाणवून देणारं प्रथिन कानात स्फटिक घडायलाही लागतं! कानातही ते आम्लाचं प्रमाण सांभाळत असावं, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. मला या सगळ्या विषयात हा दुवा सर्वांत विलक्षण वाटतो.

मँगनीजचीही गोष्ट अशीच. ‘पॅलिड’ जातीच्या उंदरांत जनुकीय दोषामुळे ओटोकोनिया घडत नाहीत. पण गर्भारपणी आईला भरपूर मँगनीज दिलं, तर पिल्लांच्या कानात ते नीट तयार होतात. जनुकातला दोष तसाच राहतो, तरीही.

उंदरांत हे काम जन्मानंतर आठवड्याभरात आटोपतं. पुढे नवे स्फटिक जवळपास होतच नाहीत, असलेले झिजतात. उतारवयात काही सुटून अंतर्कर्णातल्याच अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात आणि कूस बदलताच खोली गरगरते. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून त्यांना युट्रिकलमध्ये परत आणतात. जॉन एप्ली यांनी बसवलेली ही पद्धत काही मिनिटांची आहे. हा त्रास अनेकांना पुन्हा होतो. दक्षिण कोरियातल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांना ते कॅल्शियमसह दिल्यावर अशी चक्कर परतण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटलं. घरात कुणाला ही चक्कर वारंवार येत असेल, तर रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.