हेन्री वेजर हॅलेक
हॅलेक, हेन्री वेजर (१६ जानेवारी १८१५ – ९ जानेवारी १८७२) : अमेरिकन सेनाधिकारी, वकील आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यासक. अमेरिकन यादवी युद्धात (संघराज्य व त्यातून फुटलेली दक्षिणेकडील गुलामगिरीची राज्ये यांच्यातील युद्धात) १८६२ ते १८६४ या काळात तो उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सेनेचा सरसेनापती होता. रणांगणावरील त्याच्या कामगिरीला इतिहासकारांनी फारसे गुण दिलेले नाहीत. परंतु युद्धातील वर्तनाला लेखी नियमांची चौकट मिळावी यासाठी त्याने जे केले, त्याचे मोल कोणत्याही लढाईतील विजयापेक्षा कमी नाही.

न्यूयॉर्क राज्यातील वेस्टर्नव्हिल येथे एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. शेतीत मन न रमल्याने त्याने लहानपणीच घर सोडले व त्याच्या मामाने त्याला शिकविले. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून १८३९ मध्ये तो आपल्या तुकडीत तिसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि अभियंता दलात रुजू झाला. न्यूयॉर्क बंदराच्या तटबंदीचे काम केल्यावर फ्रान्समधील किल्ले पाहण्यासाठी त्याला १८४४ मध्ये यूरोपला पाठविण्यात आले. परतल्यावर बॉस्टन येथे त्याने युद्धशास्त्रावर व्याख्याने दिली. ती १८४६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि यादवी युद्धाच्या काळात नव्याने भरती झालेल्या अनेक अधिकाऱ्यांनी ती अभ्यासली.

मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर त्याची नेमणूक तोवर मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या कॅलिफोर्नियात झाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून जाणाऱ्या लेक्झिंग्टन जहाजावरील प्रवास सुमारे सात महिने चालला. पुढे यादवी युद्धात सेनानी म्हणून ख्यातनाम झालेला विल्यम शर्मन याच जहाजावर होता. या प्रवासात हॅलेक आपल्या खोलीत बसून झोमिनी या युद्धशास्त्रज्ञाने लिहिलेल्या नेपोलियनच्या चरित्राचे फ्रेंचमधून भाषांतर करीत असे. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे पोहोचल्यावर तो लष्करी गव्हर्नरचा राज्यसचिव झाला. मेक्सिकन राजवटीची दप्तरे त्याच्या हाती आली. त्यांच्या आधारे त्याने १८४९ मध्ये तेथील जमीनहक्कांवर सविस्तर अहवाल तयार केला. त्याच वर्षी माँटेरेत भरलेल्या घटना परिषदेचा तो सदस्य होता आणि कॅलिफोर्नियाच्या पहिल्या राज्यघटनेच्या मसुद्यात त्याचा मोठा वाटा होता.

त्याच्या वकिलीचा पाया या दप्तरांच्या अभ्यासातच घातला गेला. सैन्यात असतानाच त्याने आर्चिबाल्ड पीची आणि फ्रेडरिक बिलिंग्ज यांच्यासह सॅन फ्रान्सिस्कोत वकिलीची पेढी उभी केली. मेक्सिकोशी झालेले युद्ध संपवून कॅलिफोर्निया अमेरिकेला देणाऱ्या १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने मेक्सिकन मालकांच्या जमिनींना संरक्षणाचे आश्वासन दिले होते. पण १८५१ च्या कायद्याने प्रत्येक मालकावर आपला हक्क एका आयोगापुढे सिद्ध करण्याची सक्ती केली. पुरावा म्हणून पुढे येई तो बहुधा हाताने काढलेला ओबडधोबड नकाशा : त्यात एखादी टेकडी, ओढा, ओकचे झाड किंवा गुरांची वाट दाखविलेली असे, मोजमाप मात्र नसे. अशा कागदांचा अर्थ लावण्यासाठी स्पॅनिश भाषा, मेक्सिकन कायदा आणि सर्वेक्षण या तिन्हींची जाण लागे, आणि ती हॅलेकपाशी होती. पेढीची भरभराट झाली; पण हे दावे वर्षानुवर्षे चालले आणि खर्चापायी अनेक जुन्या मालकांना हक्क सिद्ध होऊनही जमीन गमवावी लागली, हेही नोंदविले पाहिजे. न्यू अल्मादेन येथील पाऱ्याच्या खाणीचा तो संचालक होता. सोने वेगळे करण्यासाठी पारा लागत असल्याने या खाणीच्या मालकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८६३ मध्ये मेक्सिकन राजवटीपासूनच्या जुन्या दावेदाराच्या विरुद्ध निकाल लागला. १८५३ मध्ये हॅलेकने बांधलेली मंटगमेरी ब्लॉक ही चार मजली इमारत १९०६ च्या भूकंपातही टिकली. ती १९५९ मध्ये पाडण्यात आली. १८५४ मध्ये त्याने सैन्याचा राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याची नात एलिझाबेथ हिच्याशी विवाह केला. आंतरराष्ट्रीय कायद्यावरील त्याचा बृहद्ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले आणि तो मेजर जनरल म्हणून सैन्यात परतला. सेंट लुइस येथून पश्चिमेकडील विस्कळीत कारभाराला त्याने शिस्त लावली. मात्र शायलोच्या लढाईनंतर लाखाहून अधिक सैन्य घेऊन मिसिसिपी राज्यातील कॉरिंथ या रेल्वे केंद्राकडे जाताना तो जागोजागी खंदक खणत इतका सावकाश सरकला, की सुमारे ३५ किमी. अंतराला महिना लागला आणि शत्रू निसटून गेला. जुलै १८६२ मध्ये तो सरसेनापती झाला. पण निर्णायक आज्ञा देण्याऐवजी तो सेनापतींना सल्ला देत राहिला. राष्ट्राध्यक्ष लिंकनने तर त्याला उत्तम कारकुनापेक्षा फारसा वरचा मानले नाही. हा निवाडा कठोर असला तरी अन्यायाचा म्हणता येत नाही.

तथापि याच पदावरून त्याने ऑगस्ट १८६२ मध्ये न्यूयॉर्कमधील प्राध्यापक फ्रान्सिस लीबर याला गनिमी टोळ्यांच्या कायदेशीर दर्जाबाबत मत विचारले. शस्त्र घेतलेला पण गणवेश नसलेला माणूस युद्धकैदी ठरतो की गुन्हेगार, हा प्रश्न सेंट लुइस ज्या राज्यात आहे त्या मिझूरीत त्याच्यासमोर रोज उभा राहिला होता. प्रश्न विचारणारा स्वतः कायद्याचा ग्रंथकार होता आणि उत्तर देणाऱ्याचे पुत्र दोन्ही बाजूंनी लढले होते. थोरला दक्षिणेकडून लढताना मरण पावला होता. या विचारविनिमयातून २४ एप्रिल १८६३ रोजी १५७ कलमांची आज्ञा क्रमांक १००, म्हणजेच लीबर संहिता, निघाली. कबुलीजबाबासाठी छळ करणे व विषाचा वापर यांना तिने मनाई केली, कैद्यांना संरक्षण दिले आणि राष्ट्रांच्या कायद्यात वर्णभेदाला स्थान नाही असे सांगून पळून आलेला गुलाम तत्काळ मुक्त ठरविला. ज्या हॅलेकने १८६१ मध्ये पळून आलेल्या गुलामांना छावणीत येऊ देण्यास बंदी केली होती, त्याच्याच कारकिर्दीत हे घडले. १८९९ व १९०७ च्या हेग करारांतील युद्धनियमांवर या संहितेची छाप आहे.

मार्च १८६४ मध्ये जनरल युलिसीस ग्रँट सरसेनापती झाला आणि हॅलेक सेनाप्रमुखाच्या कार्यालयीन पदावर गेला. तेथे रसद, भरती व पत्रव्यवहार सांभाळण्याचे काम त्याच्या प्रकृतीला मानवले. युद्ध संपल्यावर दक्षिणेची राजधानी असलेल्या रिचमंड येथे त्याने पराभूत दक्षिणेची सरकारी दप्तरे हस्तगत करून जतन करविली. त्यानंतर पॅसिफिक विभागाचे व शेवटी लुइव्हिल येथील दक्षिण विभागाचे अधिपत्य त्याच्याकडे होते. लुइव्हिल येथेच त्याचे निधन झाले; त्याची समाधी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ग्रीन-वुड दफनभूमीत आहे. त्याच्या कायद्याच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती १८७८ मध्ये लंडनहून निघाली.