हंगामाचा पैसा बारा महिने पुरवायचा कसा?

खेळाडूंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

नोकरदाराचा पगार साठीच्या आसपासपर्यंत चालू राहतो. कबड्डीपटूची कमाई बहुतेकदा पस्तिशीआधीच आटते, आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर त्याच्याही आधी. म्हणून खेळाडूच्या पैशाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ठाण्यातलं आमचं छोटं ऑफिस तेच काम करतं.

एक हिशेब मांडून बघू. प्रो कबड्डीच्या २०२४ च्या लिलावात सर्वांत खालच्या 'डी' गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. गावात बातमी पोचते ती ९ लाखांची. दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर, वजा झाला की खात्यात येतात ८ लाख १० हजार. घरी दरमहा ३५ हजार द्यायचे ठरवले, तर वर्षाचे ४ लाख २० हजार झाले. दुखापतीसाठी सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे २ लाख १० हजार, बाजूला ठेवले की उरतात १ लाख ८० हजार. खुराक, फिजिओ, बूट, बहिणीचं लग्न, सगळं त्यातूनच. चारचाकीचा हप्ता यात बहुतेक वेळा बसत नाही, आणि तसं तोंडावर सांगणं आम्ही आमचं कर्तव्य मानतो.

कापलेला टीडीएस मात्र बुडीत धरू नका. एवढीच रक्कम २०२५-२६ या आर्थिक वर्षात मिळाली असेल आणि दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. रिटर्न भरलं की ते ९० हजार परत मिळतात. न भरणाऱ्याचे तसेच अडकून राहतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

सगळी ठेव एकाच ठिकाणी नको. बँक बुडाली तर विमा दर ठेवीदाराला, दर बँकेमागे ५ लाखांपर्यंतच. ओळखीच्या पतसंस्थेत ठेवलेल्या पैशाला तेवढंही संरक्षण नाही. आणि मित्राच्या कर्जाला जामीन राहण्याआधी एकदा आम्हाला विचारा.

खेळ थांबल्यावर काय, हा प्रश्न आम्ही पहिल्याच भेटीत काढतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रांची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. ती प्रमाणपत्रं बऱ्याचदा घरी ट्रंकेत, ओल लागून एकमेकांना चिकटलेली असतात. ती आम्ही वर्षवार लावून देतो, स्कॅन करून ठेवतो. कॉलेज सुटलं असेल तर मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते. त्याचा अर्जही इथेच बसून भरू.

आम्ही कोणाच्या योजना विकत नाही. फी ठरलेली असते आणि ती आधीच सांगतो. पहिल्या भेटीची फी नाही. येताना करारपत्र, पासबुक आणि पॅनकार्ड आणा. पैशाचे व्यवहार आई किंवा वडील बघत असतील तर त्यांनाही सोबत आणा. सकाळचा सराव चुकवू नका, आम्ही रात्री आठपर्यंत असतो.