किनाऱ्यावरचा फुगवलेला संसार : दहा मिनिटांच्या एका अ‍ॅनिमेशनपटाची पार्श्वभूमी

तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील (आजच्या क्रोएशियातील) झाग्रेब शहरातल्या एका स्टुडिओने १९६१ मध्ये पूर्ण केलेला ‘सुरोगात’ हा सुमारे दहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट समुद्रकिनाऱ्यावर घडतो, आणि तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूत सुट्टीतली गर्दी पाहत वाढलेल्या कोकणी प्रेक्षकाला त्यातला माणूस लगेच ओळखू येतो. हा गृहस्थ एकटाच येतो, सामानातून रंगीत कपट्यांसारखे सपाट तुकडे काढतो आणि त्यांत हवा भरू लागतो. एकाचा तंबू होतो, दुसऱ्याची होडी होते. सोबतीची उणीव भासू लागताच तो एक स्त्रीसुद्धा फुगवून घेतो, पण ती त्याला भीक घालत नाही. अखेरीस त्याच्या फुगवलेल्या गाडीच्या चाकाखाली एक खिळा येतो आणि गाडीपाठोपाठ त्या गृहस्थातलीही हवा निघून जाते. संपूर्ण पटात संवाद नाहीत. १९६२ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. लघु अ‍ॅनिमेशनपटाचा हा सन्मान अमेरिकेबाहेरच्या कलाकृतीला प्रथमच लाभला होता.

हलत्या चित्रांची परंपरा अर्थातच जुनी आहे. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये हाताने रंगवलेल्या पट्ट्या पडद्यावर दाखवल्या गेल्या, १९०८ मध्ये तिथेच रेषांनी काढलेल्या माणसाचा जेमतेम मिनिटाभराचा पट आला आणि १९२८ नंतर चित्राला ध्वनीची जोड मिळून अमेरिकी स्टुडिओंचे युग सुरू झाले. ‘सुरोगात’मधला विनोद मात्र या भरभराटीतून आलेला नाही. तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईतून आणि वर्तमानपत्री व्यंगचित्रातून आला. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाचे सोव्हिएत संघाशी बिनसले, आणि १९५१ मध्ये झाग्रेबच्या एका उपहासात्मक साप्ताहिकाच्या मंडळींनी त्याच वादावर तिथला पहिला मोठा व्यंगपट काढला. पुढे झाग्रेबच्या अ‍ॅनिमेशनचे जे नाव झाले, त्याची सुरुवात या व्यंगचित्रकारांपासून होते. दोन रेषांत माणूस उभा करण्याची सवय त्यांच्या हाताला आधीपासून होती.

खरा वाद आहे तो त्यांच्या एका निर्णयावर : कमी चित्रे काढून हालचाल मर्यादित ठेवण्याच्या. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालतो, म्हणजे दहा मिनिटांना १४,४०० फ्रेम लागतात. एकेक चित्र दोन फ्रेम टिकवले तरी ७,२०० चित्रे काढावी लागतात. अमेरिकी पद्धतीत पात्राचे अंग, कपडे, केस सारे प्रवाही हलले पाहिजे असा दंडक होता. त्याउलट मर्यादित अ‍ॅनिमेशनमध्ये पात्र स्थिर ठेवून फक्त हात किंवा डोळा हलवतात, एखादी मुद्रा तशीच धरून ठेवतात आणि मधल्या हालचाली सरळ गाळतात. कॅलिफोर्नियातल्या एका बंडखोर गटाने १९४० च्या दशकातच हे सुरू केले होते. पुढे दूरचित्रवाणीने खर्च वाचवण्यासाठी हीच रीत उचलली, आणि तेव्हापासून ‘ही केवळ काटकसर आहे’ हा आक्षेप तिला चिकटला तो कायमचा. साधनांची चणचण झाग्रेबमध्येही होती, हे खरेच आहे. तरीही हा आक्षेप ‘सुरोगात’ला लागू करणे अन्यायाचे ठरेल. सपाट त्रिकोणी तुकडा क्षणभर तसाच पडून राहतो, गृहस्थ फुंकर घालतो आणि एका झटक्यात वस्तू तयार होते. मधल्या पंधरावीस अवस्था रेखाटून ती सावकाश फुगवली असती तर हालचाल सुंदर दिसली असती, पण हसू आले नसते. शिवाय जिथे सगळेच भौमितिक आकार आहेत, तिथे खरा माणूस कोणता आणि हवेचा कोणता हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही, आणि खिळ्याचा प्रसंग त्यावरच उभा आहे. गुबगुबीत, जिवंत भासणारे पात्र रंगवले असते तर हा शेवट लटका पडला असता.

भारतात वळण निराळे लागले. मुंबईतल्या सरकारी कार्टून विभागातल्या चित्रकारांना १९५६ मध्ये प्रशिक्षण द्यायला आला तो अमेरिकेतल्या सर्वांत बड्या स्टुडिओचा माणूस, आणि त्यातून १९५७ चा जातककथेवरचा हरिणाचा पट तयार झाला. बोधकथा सांगणे हेच कितीतरी वर्षे आपल्या लघुपटांचे काम राहिले. १९७४ चा एकतेवरचा पट त्यातल्या गाण्यामुळे घरोघरी पोचला, पण विनोदासाठीच विनोद करण्याला सरकारी अंदाजपत्रकात क्वचितच जागा मिळाली.

कोकणात मात्र काटकसरीच्या चित्राचा वारसा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगतात. मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने दिसणारी ती पात्रे मुळीच हलत नाहीत. चित्र कधी बदलायचे आणि कुठे थांबायचे हे सांगणाराच ठरवतो. दशावतारी नाटकातला काळ्या वेशातला संकासुर हशा पिकवतो तो आयत्या वेळी सुचलेल्या मालवणी बोलण्याने. त्यामुळे आपल्याकडे विनोद म्हणजे बोलणे असे समीकरण झाले आहे, आणि ‘सुरोगात’सारखा पट दाखवताना त्याला मालवणी निवेदन जोडावे असे कुणाच्याही मनात येईल. ते टाळावे. फुंकर आणि तंबू यांमधला क्षण शब्दांनी भरला, तर हसण्याची जागाच बुजून जाईल. त्यापेक्षा पिंगुळीच्या पोथीतले एखादे चित्र मुलांना आधी दाखवावे आणि पुढचे उघडण्यापूर्वी सांगणारा किती थांबतो इकडे त्यांचे लक्ष वेधावे.