व्हॉल्ट बॉयचा अंगठा अणुढग मोजत नाही

अणुयुद्धानंतरच्या जगातल्या ‘फॉलआउट’ या व्हिडिओ गेममधलं हसरं कार्टून पात्र व्हॉल्ट बॉय एक डोळा मिटून अंगठा दाखवतो, तो म्हणे अणुस्फोटाचा मश्रूमसारखा ढग मोजतोय: ढग अंगठ्यामागे लपला तर तुम्ही सुरक्षित. हे खरं नाही. हा गेम काढणाऱ्या इंटरप्ले कंपनीचे संस्थापक ब्रायन फार्गो यांनी 2013 मध्येच सांगितलं की तो नुसता आशावादी पोरगा आहे. लिओनार्ड बोयार्स्की यांनी 1997 च्या पहिल्या गेमसाठी तो कल्पिला, मोनोपॉलीच्या खेळातल्या श्रीमंत काकांच्या धाटणीवर. गेमवरच्या 2024 च्या टीव्ही मालिकेत अंगठा पुन्हा आला आणि अफवेला नवं बळ मिळालं.

मुळात हे माप चालतच नाही. हात ताणला की डोळ्यापासून साधारण 65 सेंटीमीटरवर 6 सेंटीमीटरचा अंगठा येतो. 8 किलोमीटर उंच ढग त्यामागे लपायला तुम्ही सुमारे 85 किलोमीटर लांब हवे. ढग 20 किलोमीटर उंच असेल तर 200 च्या पुढे. त्यात ढग साधारण दहा मिनिटं वाढतच असतो. पहिल्या मिनिटाला लपलेला ढग पाचव्या मिनिटाला डोकं वर काढतो.

शिवाय किरणोत्सारी धूळ अंतर नाही, वारा पाहते. 1954 च्या कॅसल ब्राव्हो या पॅसिफिकमधल्या अमेरिकी अणुचाचणीत सुमारे 150 किलोमीटरवरच्या रोंगेलाप बेटावर ती काही तासांत पडली.

तेव्हा मोजत उभं राहू नका, आत जा. तळघर किंवा काँक्रीटच्या इमारतीचा मधला भाग गाठा, किमान 24 तास थांबा. स्फोटानंतरची वेळ सातपट झाली की किरणोत्सर्गाचा जोर साधारण दहापट घटतो: पहिल्या तासाला 100 असेल तर सातव्या तासाला 10, दोन दिवसांनी 1.