ओसाड माळ, तीन आवाज : काउबॉय हार्मनीच्या जुन्या रेकॉर्डची पार्श्वभूमी

८ ऑगस्ट १९३४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डेका कंपनीने चार तरुणांची काही गाणी रेकॉर्ड केली. अमेरिकेत डेका तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मंदीच्या त्या दिवसांत इतर नामांकित कंपन्यांची रेकॉर्ड ७५ सेंटला मिळायची, डेकाने ती ३५ सेंटला विकायला काढली. गाणाऱ्या समूहाचं नाव होतं ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’. गाण्यांत चांदण्यातला माळ होता, घराकडे निघालेले घोडेस्वार होते, वाऱ्यावर गडगडत जाणारी वाळकी झुडपं होती. गाणारे मात्र हॉलिवूडमध्ये राहत होते, आणि तिघा मुख्य गायकांपैकी एकाचंही पोट गुरं हाकण्यावर चालत नव्हतं. नव्वद वर्षं उलटून गेली तरी या रेकॉर्ड ऐकल्या जातात, नव्याने काढल्या जातात, त्यांतली गाणी नवे गायक गातात. खऱ्या गुराख्याचं गाणं याहून फार वेगळं होतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा टेक्ससमध्ये लांब शिंगांची लाखो गुरं मोकाट फिरत होती. उत्तरेकडच्या शहरांना मांस हवं होतं आणि रेल्वे कॅन्ससपर्यंत येऊन पोचली होती. १८६७ पासून चिझम ट्रेल नावाच्या वाटेने हजारो जनावरांचे कळप अ‍ॅबिलीन या रेल्वेच्या गावापर्यंत हाकत नेले जाऊ लागले. हा सगळा काळ जेमतेम वीस वर्षांचा. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळा माळ हळूहळू कुंपणांत गेला. पुढे रेल्वेच टेक्ससमध्ये शिरली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या माळांवर इतकी जनावरं गोठून मेली की उघड्यावर गुरं राखण्याचा धंदाच मोडला.

या गुराख्यांचं गाणं कामाचं होतं. रात्री दोन स्वार कळपाभोवती एकमेकांच्या उलट दिशेने फेऱ्या घालत. बारीकशा आवाजाने कळप उधळायचा आणि उधळलेल्या कळपाखाली माणूस चिरडून मरायचा. म्हणून संथ, एकसुरी, बहुतेकदा चर्चमधल्या भजनांच्या चालीवर काहीतरी गुणगुणत राहायचं. माणूस जवळ आहे आणि सगळं ठीक आहे, एवढं जनावरांना कळलं की झालं. अंधारात घोड्यावर बसलेला एकटा माणूस, सोबत ना वाद्य ना साथीदार. तिथे हार्मनी, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांत एकत्र गाणं, कुठून येणार?

लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स यांनी १९१० मध्ये ही गाणी पुस्तकात आणली, तेव्हा ती गाणारी पिढी म्हातारी झाली होती. १९२५ मध्ये कार्ल स्प्रेग या टेक्ससच्या गायकाने गुराख्याच्या मृत्यूचं एक जुनं गाणं व्हिक्टर कंपनीसाठी गायलं आणि ती रेकॉर्ड जोरात खपली. १९२७ पासून जिमी रॉजर्स यांचं यॉडल, म्हणजे छातीच्या आवाजातून झटकन वरच्या पोकळ आवाजात उडी घेण्याची करामत, देशभर ऐकू येऊ लागली. (आपल्याकडे यॉडल म्हटलं की किशोरकुमार आठवतात, त्यांच्यावर याच रॉजर्स यांच्या रेकॉर्डचा प्रभाव असल्याचं मानलं जातं.) इथपर्यंत सगळं एकट्याचंच गाणं होतं.

मग मंदी आली. शेती बुडालेली, कारखाने बंद पडलेली माणसं कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. ओहायोमधल्या बुटांच्या कारखान्यात काम केलेला लेनर्ड स्लाय हा त्यांतलाच एक. कॅलिफोर्नियात त्याने ट्रक चालवले, फळबागांत पीच तोडले आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवली. दुसरा बॉब नोलन. त्याचा जन्म १९०८ मध्ये कॅनडात झाला, पण किशोरवयात तो वडिलांकडे अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला आला. हिरव्या, पाणथळ मुलखातून आलेल्या या मुलाला वाळवंटाने असं झपाटलं की पुढे आयुष्यभर तो त्यावरच कविता लिहीत राहिला. मालगाड्यांतून भटकून झालं, समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षकाची नोकरी झाली, गोल्फच्या मैदानावर श्रीमंतांच्या काठ्या वाहून झाल्या. तिसरा टिम स्पेन्सर, जन्म मिसुरीचा. १९३३ मध्ये स्लायने बाकीच्या दोघांना गाठलं आणि ‘पायोनियर ट्रायो’ उभा राहिला. हॉलिवूडच्या केएफडब्ल्यूबी रेडिओ केंद्रावर एकदा निवेदकाने त्यांचं नाव परस्पर बदलून ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ असं सांगितलं. ही पोरं पायोनियर, म्हणजे पश्चिमेत पहिल्यांदा वस्ती करणारे, म्हणवून घ्यायला फारच तरुण आहेत, हे त्याचं कारण. तेच नाव कायम झालं.

या तिघांनी सुरुवातीला फक्त रियाज केला, दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास. माझ्या मते या रेकॉर्डचं सगळं मर्म या रियाजात आहे. तीन आवाज तीन वेगळ्या स्वरांवर ठेवणं तसं अवघड नाही. मधल्या आवाजाने षड्ज धरला, वरच्याने गांधार आणि खालच्याने मंद्र पंचम, की हार्मनीचा सांगाडा तयार होतो. गोव्यातल्या किंवा वसईतल्या चर्चचा कॉयर ऐकलेल्या कोणालाही तो ओळखू येईल. अवघड आहे ते तिघांचं एक होणं. शब्दातला ‘आ’ तिघांचा सारखाच रुंद हवा. श्वास एकाच ठिकाणी घ्यायचा. ओळीचा शेवटचा स्वर एकाच क्षणी सोडायचा, आणि स्वरावरून स्वरावर घसरत जायचं तेही एकाच वेगाने. त्या काळात रेकॉर्डिंगनंतर आवाज वेगवेगळे करून कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. आवाजांचा तोल गाणाऱ्यांनाच घशात सांभाळावा लागे. यॉडलसुद्धा ते तिघे मिळून, तीन स्वरांत करत. एकट्याला जी उडी मारताना दमछाक होते ती तिघांनी एका झटक्यात मारायची! त्या १९३४ च्या सत्रातलं मालगाडीच्या भटकंतीवरचं गाणं ऐकताना माझं सगळं लक्ष त्या उडीकडे लागलेलं असतं.

त्याच वर्षी, त्या सत्राच्या आधीच, ह्यू फार आणि पुढच्या वर्षी त्याचा भाऊ कार्ल असे दोघे टेक्ससवाले समूहात आले. ह्यूचं व्हायोलिन आणि कार्लची गिटार खेड्यातल्या नाचाच्या वाजवण्यावर थांबणारी नव्हती, त्यांच्या कानात जॅझ होतं. ह्यूचा आवाज खर्जाचा, त्यामुळे तीन आवाजांच्या खाली चौथा पाया मिळाला. माळाचं संथ गाणं चालू असताना मधेच गिटारवर जॅझची लकेर येते, तरी ती उपरी वाटत नाही. नव्याची इतकी सहज सरमिसळ त्या काळच्या फार थोड्या समूहांत सापडते.

नोलनच्या दोन गाण्यांवर थांबायला हवं. पहिलं ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’. मूळ कविता गळणाऱ्या पानांवर होती. रेडिओवर ते गाणं झाल्यावर श्रोत्यांची पत्रं आली ती त्या टम्बलवीडच्या, म्हणजे वाऱ्यावर गडगडणाऱ्या वाळक्या झुडपाच्या, गाण्याची फर्माईश करणारी. त्यांना पानांऐवजी झुडुपच ऐकू आलं होतं. नोलनने मग शब्द बदलले, आणि श्रोत्यांच्या त्या ऐकण्यातून पश्चिमेचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र तयार झालं. हे झुडुप मुळात अमेरिकेचंही नाही. १८७० च्या दशकात रशियाकडून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून ते डाकोटाच्या शेतांत पोचलं आणि पुढच्या काही दशकांत सगळ्या पश्चिमेत पसरलं. वाळलं की बुंध्याशी तुटतं आणि वाऱ्याबरोबर गडगडत लाखो बिया सांडत जातं. शेतकऱ्यांसाठी ती पीडा होती. बाहेरून आलेल्या कवीने बाहेरून आलेल्या तणावर गाणं केलं आणि अमेरिकेने ते आपल्या मातीचं मानलं. चालही लोकगीताची नाही. ती मधले कोमल-तीव्र स्वर घेत खाली उतरते, आणि तिन्ही आवाज एकत्र उतरतात तेव्हा खरोखर काहीतरी घरंगळत चालल्याचा भास होतो.

दुसरं ‘कूल वॉटर’. गाणं १९३६ चं, डेकासाठी रेकॉर्ड झालं १९४१ मध्ये. वाळवंटात एक माणूस आणि त्याचं खेचर, दोघांचे घसे कोरडे पडलेले आणि समोर मृगजळ. माणूस खेचराची समजूत घालतो आहे, आणि मागून दुसरा आवाज ‘पाणी’ हा एकच शब्द परत परत म्हणतो. तो प्रतिध्वनी असेल किंवा तहानलेल्याच्या डोक्यातला भास असेल. हार्मनी इथे सजावटीपुरती उरत नाही, ती गोष्टीतलं एक पात्र होते. गाण्यात बंदूक नाही, दरोडेखोर नाहीत, प्रेयसीही नाही. तहान कुणालाही कळते, म्हणून मार्टी रॉबिन्सपासून जोनी मिचेलपर्यंत कितीतरी वेगळ्या वळणाच्या गायकांनी हे गाणं आपलं केलं.

सिनेमाने या समूहाला घरोघर नेलं, पण त्याची किंमतही घेतली. १९३७ मध्ये लेनर्ड स्लाय रिपब्लिक कंपनीत गेला आणि रॉय रॉजर्स या नावाने पडद्यावरचा मोठा गाणारा काउबॉय झाला. त्याच्या आधीच, १९३६ मध्ये, लॉइड पेरीमन हा तरुण समूहात आला होता. त्याचा आवाज इतका लवचीक होता की तिन्हींपैकी कुठलीही जागा तो सांभाळू शके. पुढे चाळीस वर्षं, १९७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, समूह मुख्यतः त्याच्यामुळे टिकला. १९४१ पासून समूह रॉय रॉजर्सच्या चित्रपटांत दिसू लागला. १९४९ मध्ये नोलन आणि स्पेन्सर दोघेही बाजूला झाले. नव्याने आलेल्या केन कर्टिसच्या काळात दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी समूहाचे आवाज आपल्या चित्रपटांत वापरले. १९५६ च्या ‘द सर्चर्स’चं शीर्षकगीत याच समूहाचं. कार्ल फार १९६१ मध्ये कार्यक्रम चालू असतानाच हृदयविकाराने गेला.

रेकॉर्डच्या चाहत्यांत एक जुना वाद आहे : कुठला काळ खरा? १९३४-३५ मध्ये समूहाने रेडिओ केंद्रांना पुरवण्यासाठी शेकडो गाणी रेकॉर्ड केली. त्या तबकड्या १६ इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या. त्या दुकानात मिळत नसत, केंद्रं त्या वाजवून आपला वेळ भरत. त्यांत ध्वनीचा दर्जाही त्या काळच्या बाजारातल्या रेकॉर्डपेक्षा मोकळा आहे. १९४५ पासून आरसीए व्हिक्टरसाठी जी गाणी झाली त्यांतल्या कित्येकांत मागे मोठा वाद्यवृंद आहे, तंतुवाद्यांच्या लाटा आहेत. खप त्यांचाही चांगला झाला. मला मात्र वाटतं की माळ जितका रिकामा तितकी ही गाणी भरतात. वाद्यवृंदाने त्या रिकामपणावर गालिचा अंथरला. सुदैवाने रेडिओसाठीच्या तबकड्या सापडत गेल्या, त्यांच्या सीडी निघाल्या, आणि जर्मनीच्या बेअर फॅमिली या कंपनीने समूहाच्या गाण्यांचे मोठे संच काढले. आजच्या श्रोत्याला तीन आवाज आणि दोन वाद्यं असं मूळ रूप ऐकता येतं ते या जतनामुळे.

या गाण्यांत जे नाही तेही सांगायला हवं. कळप हाकणाऱ्यांत मोठा वाटा काळ्या आणि मेक्सिकन गुराख्यांचा होता. घोड्यावरून गुरं राखण्याची विद्याच मेक्सिकोतून आली. आणि ज्या माळाला ही गाणी रिकामा म्हणतात तिथे मूळ रहिवासी राहत होते, त्यांना हुसकावल्यानंतर तो रिकामा झाला. हॉलिवूडच्या पडद्यावर यांतलं फार थोडं आलं, आणि जे आलं ते बहुतेक विकृत होऊन. नोलनच्या गाण्यांत शत्रू नाहीत, पण शेजारीही नाहीत. हे लक्षात ठेवून ऐकलं तर त्या एकटेपणाला आणखी एक पदर दिसतो.

तरीही गाणी का टिकली? मला एकच कारण पटतं. ही गाणी घर सोडून आलेल्या माणसांनी, घर सोडून आलेल्या माणसांसाठी केली. एकटेपणा हा त्यांचा विषय, पण तो सांगायला तिघे लागतात आणि ते एकमेकांचा श्वास ऐकत गातात. गाणाऱ्याला वाळवंटात कुणी नाही, ऐकणाऱ्याला मात्र सोबत मिळते. मंदीतल्या कॅलिफोर्नियात भाड्याच्या खोलीत रेडिओ लावून बसलेल्या माणसाला ती मिळाली असणार.

मानसन्मान उशिरा आले. १९८० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने समूहाला मान दिला, त्याच वर्षी बॉब नोलन वारला. १९३४ ची ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ ही रेकॉर्ड अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत घेतली. १९७७ मध्ये नॅशव्हिलला ‘रायडर्स इन द स्काय’ हा समूह निघाला तो हीच हार्मनी पुढे नेण्यासाठी. ‘टॉय स्टोरी २’ मुळे त्यांचं गाणं लहान मुलांपर्यंत गेलं. १९९८ च्या ‘द बिग लेबाउस्की’ या चित्रपटाची सुरुवातच टम्बलवीडच्या गाण्याने होते, आणि ते झुडुप गडगडत लॉस एंजेलिसमध्ये शिरतं, म्हणजे जिथे गाणं जन्मलं तिथेच.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ची १९३४ ची आवृत्ती आधी लावा, मग आरसीएच्या काळातली, आणि त्यानंतर १९४१ चं ‘कूल वॉटर’. हेडफोन लावून फक्त खालच्या आवाजामागे जा. वरची चाल कुणालाही ऐकू येते. खालचा आवाज कुठे थांबतो, कुठे अर्धा स्वर सरकतो आणि त्या सरकण्याने वरच्या दोघांचा रंग कसा पालटतो, हे एकदा कानात बसलं की बाकीच्या शेकडो रेकॉर्ड आपोआप उलगडू लागतात.