मॉडेल जहाज रंगवावं की लाकूड उघडं ठेवावं? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या लाकडी नावा रंगवलेल्या आहेत. आजचा वाद मात्र सुरू होतो १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नौदलासाठी बनलेल्या मॉडेलांपासून. प्रमाण बहुधा १:४८, लाकूड पेअर किंवा बॉक्सवुडसारखं बारीक पोताचं. पाण्याखालच्या भागात फळ्या नसत, बरगड्या उघड्या दिसत. ‘उघडं लाकूडच अस्सल’ म्हणणारे याच मॉडेलांचा दाखला देतात. पण त्यांच्यावरचं रंगकाम आणि सोनेरी नक्षी या दाखल्यात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि स्पेनची किटं घरोघरच्या टेबलांवर आली. प्लायवूडचे आडवे छेद, त्यांवर फळ्यांचा एक थर आणि वर अक्रोडाच्या पातळ पट्ट्या. अक्रोड दिसतो देखणा, त्यामुळे नुसतं वॉर्निश मारून थांबायची सवय पडली. माझ्या मते छंदाचं सगळ्यात जास्त नुकसान या सवयीनेच केलं. शिडांच्या काळातली युद्धनौका उघड्या लाकडानिशी समुद्रात जातच नसे. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचावासाठी तळाला चरबी, गंधक आणि राळ यांचं पांढरट मिश्रण फासलेलं असे. पुढे तांब्याचे पत्रे आले. शिवाय अक्रोडाचे रेषे १:७२ ला फारच जाड दिसतात.

रंगवायचं ठरलं तरी कोणता रंग, हा प्रश्न उरतोच. १८ व्या शतकातली ब्रिटिश युद्धनौका ‘व्हिक्टरी’, तिचंच बघा. कित्येक पिढ्यांनी तिचे पट्टे गडद पिवळे रंगवले, कारण इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात उभं असलेलं खरं जहाज तसंच होतं. मग रंगाचे जुने थर तपासले गेले आणि २०१५ मध्ये ते जहाज फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या छटेत रंगवलं गेलं. अनेकांना ते पटलं नाही, काहींना अजूनही पटत नाही. मला तपासणीचा पुरावा डोळ्यांच्या सवयीपेक्षा मोठा वाटतो. छोट्या मॉडेलवर गडद रंग भडक दिसतो, त्यामुळे फिकट छटा तिथे शोभतेही.

हा निर्णयही सालावर अवलंबून आहे. नवी छटा १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईवेळची मानली जाते. जहाज पाण्यात उतरलं १७६५ मध्ये, तळाला तांबं लागलं १७८० मध्ये. १७७८ ची ‘व्हिक्टरी’ बांधणाऱ्याने तांब्याचे पत्रे डब्यातच ठेवावेत आणि तळ पांढरट रंगवावा.