चार गॉब्लिन किती जड?

रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे पडलेत आणि कडेच्या झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, लपलेत. 2014 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा स्टार्टर सेट आला, त्यातल्या ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ या साहसाची पहिली चकमक ही अशी. समोर खेळाडूंची पहिल्या लेव्हलची, म्हणजे अगदी नवखी, चार पात्रं. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठी (डीएम) असलेल्या 2014च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’चा हिशोब लावला तर ही चकमक ‘डेडली’, म्हणजे जिवावर बेतणारी. 2024च्या गाइडचा लावला तर ‘लो’, म्हणजे सर्वांत खालची पायरी. गॉब्लिन दोन्हीकडे 50 एक्सपीचाच (अनुभवगुणांचाच) आहे. मग इतका फरक पडला कुठे? त्यासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ 1974चा. तो युद्धखेळांतून निघाला, आणि युद्धखेळात दोन्ही सैन्यं गुणांच्या भावाने समतोल करण्याची पद्धत होतीच. ती या खेळात मात्र आली नाही. जंगलात भेटणाऱ्या गॉब्लिनांची संख्या त्या पुस्तिकांत 40 ते 400 अशी छापलेली आहे. चारशे गॉब्लिन कुठल्या लेव्हलच्या पार्टीला, म्हणजे पात्रांच्या गटाला, झेपतील, हा प्रश्नच तिथे पडत नाही. धोका ठरायचा खोलीवरून. भुयाराचा पहिला मजला सोपा, पाचवा कठीण, आणि जिना उतरायचा की नाही हे खेळाडू ठरवणार. पहिल्या मजल्यावरही फासा वरचा पडला की वरच्या तक्त्यातला राक्षस येई.

एवढा बेहिशोबीपणा चालला, कारण बाकीचे नियम त्याला धरून होते. सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी मिळे, मारलेल्या राक्षसाचे त्यामानाने थोडे. म्हणजे न लढता ऐवज पळवणं हाच शहाणपणाचा मार्ग. राक्षस भेटला की तो लगेच हल्ला करतो की बोलायला तयार होतो, हे दोन फाशांवर ठरे. अशा खेळात डीएमने अवघडता मोजायची गरज नव्हती, ती खेळाडूंनी ओळखायची होती. आजही ‘जुन्या पद्धतीचे’ म्हणवणारे खेळ हेच मानतात. 2014चा तक्ता त्यांना लावून पाहणं म्हणजे काट्यावर दूध मोजायला जाणं.

एकाच आकड्यात राक्षस बसवायचा पहिला मोठा प्रयत्न दुसऱ्याच खेळात झाला. केन सेंट आंद्रे यांच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये, 1975 साली, राक्षसाला फक्त मॉन्स्टर रेटिंग असे. रेटिंग 40 असेल तर 40 भागिले 10 अधिक 1, म्हणजे पाच फासे, आणि त्यांत निम्म्याची, म्हणजे 20ची भर. सगळ्या पार्टीची बेरीज एकीकडे, राक्षसांची दुसरीकडे, आणि जो फरक येईल तेवढं नुकसान हरलेल्या बाजूचं. इथे अवघडता चकमकीआधीच बेरजेवरून दिसते, कारण लढाईच बेरजेची आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वार एकेक करून पडतात, त्यामुळे ही सोय त्याला कधीच मिळाली नाही. 1991च्या ‘रूल्स सायक्लोपीडिया’त पार्टीच्या लेव्हलची बेरीज करून राक्षसांच्या हिट डाइसशी (त्यांची ताकद दाखवणाऱ्या फाशांच्या संख्येशी) टक्केवारीत ताडून पाहण्याची पद्धत होती, पण ती ऐच्छिक म्हणून दिलेली आणि फारशी रुजली नाही.

खरा सांधा बदलला तो 2000 साली. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 1997मध्ये या खेळाची मूळ प्रकाशक टीएसआर विकत घेतली होती, आणि तिसऱ्या आवृत्तीत जोनाथन ट्वीट, माँटे कुक आणि स्किप विल्यम्स यांनी चॅलेंज रेटिंग आणलं, बोलीभाषेत सीआर. व्याख्या नेमकी होती: सीआर 5चा राक्षस पाचव्या लेव्हलच्या चार पात्रांची साधारण 20 टक्के शिदोरी खातो. शिदोरी म्हणजे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद), मंत्र, औषधं, कांड्यांमधले उरलेले वापर. अशा चार चकमकी झाल्या की दिवस संपत आला, आणि अशा तेराएक झाल्या की लेव्हल वाढली.

ही व्याख्या नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते: सीआर हे एका लढाईचं माप नव्हतंच. ते दिवसाच्या खर्चाचं माप होतं. टेबलावर मात्र ते लढाईचं माप म्हणून वापरलं गेलं. पार्टी पहिल्याच खोलीत सगळे मोठे मंत्र उडवायची आणि झोपायला जायची. याला ‘पंधरा मिनिटांचा दिवस’ असं नाव पडलं. एका चकमकीवर 20 टक्क्यांऐवजी 80 टक्के ओतले की कुठलाही सीआर हलका पडतो, आणि मग डीएम सीआर वाढवत नेतो. गाइडने स्वतः चकमकींची वाटणी सांगितली होती: निम्म्या बरोबरीच्या, 15 टक्के खूप कठीण, आणि 5 टक्के पळून जाण्याच्याच. ते शेवटचे 5 टक्के किती डीएमनी वाचले, कोण जाणे.

अनेक राक्षसांसाठी तिसऱ्या आवृत्तीचा नियम सुटसुटीत होता. संख्या दुप्पट केली की चकमकीची पातळी दोनाने वाढते. चारपर्यंत हे बरं चालतं. आठ-सोळा दुबळे राक्षस घेतले की कोलमडतं, कारण वीसमुखी फाशावर 20 पडल्याशिवाय त्यांचे वार चिलखताला लागतच नाहीत. तिसऱ्या आवृत्तीच्या 3.5 या सुधारित रूपात गॉब्लिन सीआर एक तृतीयांशचा, पाच हिट पॉइंटचा. आपले चौघे गॉब्लिन तिथे पहिल्या लेव्हलच्या पार्टीला बरोबरीचेच ठरत.

2008च्या चौथ्या आवृत्तीने दिवसाचं गणित बाजूला सारून चकमकीचं बजेट आणलं. पहिल्या लेव्हलचा साधा राक्षस 100 एक्सपीचा आणि पात्रामागे एक राक्षस. मिनियन एक हिट पॉइंटचा आणि पाव किमतीचा, एलिट दुप्पट, सोलो पाचपट. चार पात्रांना चार साधे गॉब्लिन म्हणजे 400 एक्सपी, तंतोतंत प्रमाण चकमक. हिशोब असा स्वच्छ जमला, कारण लढाईनंतर थोडा दम घेतला की पार्टी जवळपास पूर्ववत होई. दोष निघाला तो दुसरीकडे. सोलो राक्षसांचे हिट पॉइंट इतके की जिंकणार हे कळल्यावरही अर्धा तास फासे टाकत बसायचं. पुढच्या राक्षस-पुस्तकांत हिट पॉइंट कमी केले, आणि 2010च्या तिसऱ्या पुस्तकात माराचे आकडे वाढवले.

आता 2014. पाचव्या आवृत्तीने बजेट ठेवलं, दिवसही परत आणला आणि वर राक्षसांच्या संख्येनुसार एक गुणक जोडला. पहिल्या लेव्हलच्या पात्रामागे उंबरठे, ‘ईझी’पासून ‘डेडली’पर्यंत, 25, 50, 75 आणि 100. चौघांचा ‘डेडली’ उंबरठा 400. चार गॉब्लिनांचे 200, आणि तीन ते सहा राक्षसांना गुणक 2. झाले 400. दोन राक्षसांना दीडपट, सात ते दहांना अडीचपट, पंधरापासून पुढे चौपट.

हा गुणक हवेतून आलेला नाही. पार्टी फेरीला एक गॉब्लिन पाडते असं धरा आणि गॉब्लिनांचा वार आधी. एकाला मिळतो 1 वार. दोघांना 2 अधिक 1, म्हणजे 3. तिघांना 6, चौघांना 10. दोघांचे 3 म्हणजे दोनाची दीडपट, तिघांचे 6 म्हणजे तिनाची दुप्पट. तक्ता इथे अचूक आहे. चौघांना मात्र अडीचपट हवी होती, सहांना साडेतीनपट. पुढे तक्ता मुद्दाम सौम्य आहे, आणि ते रास्तच, कारण गर्दी झाली की एका मंत्रात अनेक पडतात. 2014चा ‘स्लीप’ मंत्र 5 आठमुखी फाशांएवढे, सरासरी 22 हिट पॉइंट झोपवायचा. गॉब्लिन 7चा. एका दमात तिघे घोरायला लागले.

हेच 10 वार पुढे नेऊ. गॉब्लिनच्या हल्ल्याच्या वीसमुखी फाशात 4 मिळवायचे, समोर चिलखताचा आकडा 16, म्हणजे 12 किंवा वर पडायला हवा: 45 टक्के. सरासरी मार साडेपाच. दहा वारांत सुमारे 25 हिट पॉइंट गेले, आणि चार नवख्या पात्रांचे मिळून असतात 40च्या आसपास. सरासरीने पार्टी तरते. पण 20 पडला की मार सरासरी 9, आणि जादूगाराकडे 8च असतात. पहिल्या लेव्हलवर सरासरीचा काही उपयोग नाही, हे त्याचं कारण.

पार्टीने आधी वार केला तर हेच 10 वार 6वर येतात. गॉब्लिनांनी बेसावध गाठलं तर 2014च्या नियमाने पार्टीची पहिली फेरी वाया जाते आणि वार होतात 14. तक्त्यात याला रकाना नाही. गाइड एवढंच सांगतं की अशा अडचणीत चकमक एक पायरी वर धरा.

गुणकाची खरी फजिती वेगळ्याच जागी होते. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसमोर एक ओगर: 450 एक्सपी, उंबरठे 300 आणि 600 असल्याने ‘ईझी’. त्याच्या पायाशी 25 एक्सपीचा एक कोबोल्ड उभा करा. 475 गुणिले दीड, 712. चकमक ‘मीडियम’ झाली. त्या बिचाऱ्या कोबोल्डाने 262ची भर घातली! फारच दुबळा राक्षस गुणकासाठी मोजू नये असं गाइड सांगतं, पण ते वाक्य बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. दुसरी नेहमीची चूक बक्षिसाची. 400 हा फक्त अवघडतेचा आकडा. पार्टीला द्यायचे ते 200, माणशी 50.

आणि सीआरमध्ये न मावणारे राक्षस तर आहेतच. इंटेलेक्ट डिव्हाउरर सीआर 2चा, पण बुद्धी 8 असलेला योद्धा एका अपयशी सेव्हिंग थ्रोमध्ये (बचावाच्या फाशात) खेळाबाहेर जाऊ शकतो. बॅन्शी सीआर 4ची, तिच्या एका किंकाळीने अर्धी पार्टी शून्यावर. 2014च्या गाइडमध्ये सीआर काढतात तो बचावाची आणि तीन फेऱ्यांतल्या सरासरी माराची सांगड घालून. ‘मार शून्य, पण तू आता दगड’ हे त्या सरासरीत नीट बसत नाही.

‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाची 2019ची दुसरी आवृत्ती या सगळ्यांत जास्त भरवशाची मानली जाते, आणि त्याचं कारण तक्त्यात नाही, फाशात आहे. तिथे लेव्हल जवळपास प्रत्येक आकड्यात मिसळते, आणि लक्ष्याच्या 10 वर गेलं की वार दुप्पट लागतो. त्यामुळे लेव्हलचा फरक हेच सामर्थ्य. पार्टीच्या लेव्हलचा राक्षस 40 एक्सपी, दोनाने खालचा 20, दोनाने वरचा 80. गॉब्लिन योद्धा उणे 1 लेव्हलचा. पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर चार म्हणजे 80, नेमका ‘मॉडरेट’, म्हणजे मध्यम. मात्र तीनाने वरचा एकटा राक्षस सुरुवातीच्या लेव्हलवर आणला तर कागदावरचे 120 टेबलावर फार महाग पडतात, कारण त्याला चुकायची वेळच कमी येते.

2024च्या गाइडने गुणक काढून टाकला, सहा ते आठ चकमकींच्या दिवसाचा तक्ताही. पायऱ्या उरल्या तीन. पहिल्या लेव्हलला माणशी 50, 75 आणि 100. चौघांचे 50 म्हणजे 200, आणि चार गॉब्लिन 200चे. बेसावधपणाचा नियमही बदलला: आता फेरी जात नाही, इनिशिएटिव्हचे, म्हणजे आधी वार कोणाचा हे ठरवणारे, दोन फासे टाकून कमी असलेला घ्यावा लागतो. म्हणजे वरच्या हिशोबातले ते 14 वार नव्या नियमात होतच नाहीत, फार तर 10. गुणकाच्या जागी एक सूचना आहे: पात्रामागे दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तर ते चटकन मरणारे निवडा, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या लेव्हलवर. चार पात्रांसमोर चार गॉब्लिन या सूचनेत येत नाहीत. जुनं साहस नव्या नियमांनी खेळवताना झाडीतले चौघे मात्र त्यांच्या धनुष्यांसकट तसेच आहेत, आणि जादूगाराचे हिट पॉइंट अजून 8च.